मागणी घालायचीय : फोटो हवेत, माणसं नकोत

सातवा_मैल

नमस्कार मंडळी. मी मूळचा बेळगावचा, नोकरीला पुण्यात. जिच्याशी लग्न करायचंय ती नाशिकची. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी काढून आम्ही दोघं, माझी ताई आणि भावजी असे चौघं बेळगावला येतोय. "तुला आमचा भाग दाखवतो" एवढंच तिला सांगितलंय. दोन्ही घरांत कल्पना आहे, विरोध कुणाचा नाही, पण सुपारी फुटलेली नाही. एकदा मोठी माणसं बैठकीला बसली की आमच्या हातात फक्त चहाचे ट्रे राहणार. त्याआधी मीच तिला नीट विचारावं, अंगठी द्यावी, असं मनात आहे. आणि तिला आधी कळू द्यायचं नाहीय.

पेच असा की तिला चारचौघांतला तमाशा चालत नाही. मागं एका मॉलमध्ये कुणीतरी मुलीपुढं गुडघा टेकला, लोकांनी मोबाईल वर केले, तर ही म्हणाली, "तिला नाही म्हणायचं असेल तर आता कसं म्हणेल?" ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुसरीकडं ताई म्हणते फोटो हवेतच, नंतर हळहळशील.

गोकाकचा धबधबा, राजहंसगड आणि वज्रपोहा या तीन जागा डोक्यात आहेत. जागेबद्दल आणि फोटोंबद्दल जाणकारांनी सांगावं. अंगठीचं माप गुपचूप कसं घ्यायचं तेही.

कुंदा_कमी_खा

संध्याकाळी राजहंसगडावर? तिथं तुला मामा भेटेल, शाळेतले सर भेटतील, आणि दोघंही विचारतील, "ही कोण रे?"

मलप्रभाकाठ

हसण्यावारी नेऊ नका, कुंदा बरोबर बोलूलालाय. राजहंसगड म्हणजे आमचा येळ्ळूरचा गड, गावापासून हाकेच्या अंतरावर. २०२३ ला महाराजांचा पुतळा झाल्यापास्नं तर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि पुतळ्यापुढं तू अंगठी काढलास तर फोटो कोण काढतंय ते राहू दे, तुला कोण धरतंय ते बघ. ती जागा त्यासाठी न्हवे.

गोकाक पावसाळ्यात. घटप्रभा ५२ मीटरवरनं उडी घेते तेव्हा जावं, अंगावर तुषार घ्यावेत, तिथली मिठाई, करदंट, बांधून घ्यावी आणि यावं. डिसेंबरात वरनं हिडकलच्या धरणातनं पाणी सोडलं तर सोडलं, न्हाईतर नुसता उघडा खडक. रविवारी तिथं सहली असतात, पोरं सेल्फी घेऊलालेली असतात. तुझ्या कामाची जागा न्हाई.

वज्रपोहा जांबोटीच्या अंगाला, म्हादईवर. जागा देखणी, त्यात वाद न्हाई. पण ते जंगल खात्याचं रान. परवानगी न घेता घुसायचं न्हाई, वाट निसरडी आणि उतार मोठा. नाशिकच्या पोरीला घामाघूम करून मग विचारणार काय गा, लग्न करतीस का?

आप्पा_शहापूर

जागेचं नंतर बघू, आधी तारीख बदला. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्या दिवसांत गावातली बरी हॉटेलं सरकारी मंडळींसाठी आधीच अडकलेली असतात, हमरस्त्यावर बंदोबस्त, रोज कुणाचा ना कुणाचा मोर्चा. त्यात सीमेचं वातावरण तापलं तर एसटी कर्नाटकात शिरतसुद्धा नाही. पुण्याच्या पासिंगची गाडी घेऊन असल्या नाजूक कामाला त्या आठवड्यात कशाला यायचं? डिसेंबरचा शेवट म्हणाल तर चोर्ल्याच्या रस्त्यानं अख्खी दुनिया गोव्याला निघालेली असते. संक्रांतीच्या आसपास या. हवा थंड, आकाश स्वच्छ, शिवाय तिळगूळ घ्यायला आलो म्हटलं की कुणाला संशय नाही.

आता अंगठी. तिची रोजच्या वापरातली एखादी मिळाली तर साबणाच्या वडीवर तिचा ठसा घ्या, किंवा पातळ कागदाची गुंडाळी आत सरकवून जिथं घट्ट बसते तिथं खूण करा. आपल्याकडच्या मापाचा हिशोब सोपा आहे : आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून ४० वजा करायचे. घेर ५२ आला तर माप १२. मात्र ती अंगठी कोणत्या बोटातली ते बघून ठेवा. मधल्या बोटाचं माप करंगळीशेजारच्या बोटात ढिलं होतं. मापाच्या शंकेत असाल तर किंचित मोठी करा, आणि नक्षी किंवा खडे पूर्ण वेढ्यात नकोत, नाहीतर सोनाराला नंतर लहान करता येत नाही. तिच्या आईला विचारू नका. आयांच्या पोटात हे राहत नाही.

सातवा_मैल

आप्पा, अधिवेशनाचं माझ्या ध्यानातच आलं नसतं. सुट्टी संक्रांतीकडं सरकवली. मापाचं काम ताईवर सोपवतो, दोघी एकमेकींच्या अंगठ्या घालून बघतातच.

तिरपी_उन्हं

मी बेळगावात लग्नाचे फोटो काढतो, तेव्हा माझं मत धंद्याचं समजायचं तर समजा.

जागा निवडताना 'निसर्गरम्य' हा शब्द बाजूला ठेवा. बघायच्या गोष्टी वेगळ्या. सूर्य कुठल्या बाजूला मावळतो. तुम्ही दोघं नक्की कुठं उभे राहणार. फोटो काढणारा कुठं, आणि तिथं तो काय करतोय असं वाटणार. मागं विजेच्या तारा, पाण्याची टाकी, प्लास्टिकचं शेडनेट येतंय का. संक्रांतीला बेळगावचा सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाच्या मध्ये. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास उत्तम : ऊन कलतं, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत. आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथं जाऊन या. सकाळी बघितलेली जागा संध्याकाळी ओळखू येत नाही.

अंतराचा हिशोब सांगतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २०० मिमी लेन्स लावून २५ मीटरवर उभं राहिलं तर आडव्या फ्रेममध्ये साडेचार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच एवढा भाग येतो. एक माणूस उभा, एक गुडघ्यावर, भोवती थोडी हवा : नेमकं बसतं. तेवढ्याच अंतरावरून मोबाईलच्या तीनपट झूमनं काढलं तर फ्रेम जवळपास आठ मीटर उंच. तुम्ही दोघं त्याच्या पाचव्या हिश्शात. म्हणून "भावजी झाडामागून मोबाईलवर काढतील" हा बेत सोडा. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, सलग फ्रेम घेत राहायचं, आवाज बंद.

तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. दोघांची एक कूस कॅमेऱ्याकडं हवी, म्हणजे दोन्ही चेहरे दिसतात. कॅमेऱ्याच्या बाजूचा गुडघा जमिनीला टेका, लांबचा वर ठेवा, नाहीतर मांडीनंच सगळं झाकतं. डबी छातीच्या उंचीला. लोक ती मुलीच्या नाकासमोर धरतात आणि फोटोत चेहऱ्याऐवजी मखमल येते. बरं, चौकोनी डबी जीन्सच्या खिशात ठेवली की फुगवटा दिसतो, आणि मुली तेवढं बरोबर बघतात. जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा.

उडतं_पाखरू

वरून ड्रोननं घेतलं तर? माझ्याकडं २५० ग्रॅमच्या आतलं आहे. लपायचा प्रश्नच नाही, मी अर्धा किलोमीटर लांब उभा राहीन.

तिरपी_उन्हं

लपायचा प्रश्न नाही? त्याची घरघर काय, अंगावर आल्यावर समजते. ती वर बघणार, तुम्ही वर बघणार, आणि फोटोत दोन टाळकी. नियमाचं म्हणाल तर २०२१च्या ड्रोन नियमांत एवढं हलकं ड्रोन हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण म्हणून कुठंही उडवता येत नाही. सांबऱ्याचा विमानतळ आहे, गावात लष्कराचा मोठा भाग आहे, खानापूरकडं अभयारण्य. आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर लाल-पिवळा-हिरवा पट्टा बघा. मी तर या कामाला नकोच म्हणेन.

निपाणीची_सून

इथं सगळे पुरुष लेन्स मोजतायत म्हणून एका बाईचं ऐका.

मला आंबोलीला महादेवगडच्या कड्यावर विचारलं गेलं. कुणी नव्हतं. धुकं होतं, मी रडले, ओढणीला नाक पुसलं, आणि मग जे काय बोलले ते बोलले. तेवढ्यात झुडपातून ह्यांचा मित्र बाहेर आला, गळ्यात कॅमेरा, म्हणतो, "वहिनी, एक नंबर आलेत!" फोटो खरंच चांगले आलेत. पण मी जे बोलले ते त्यानंही ऐकलंय, हे मला पुढं कित्येक दिवस टोचत राहिलं. वर रात्री ते फोटो मित्रांच्या ग्रुपवर. माझ्या आईला माझ्याकडून कळायच्या आधी तिला कुणाच्यातरी वहिनीकडून कळलं.

सातवा_मैल, तुमची ती मॉलमध्ये जे म्हणाली ते गर्दीबद्दल नव्हतं. नाही म्हणायला मोकळीक असावी, एवढंच ती म्हणत होती. झाडामागं एक माणूस असला काय आणि पन्नास मोबाईल असले काय, मोकळीक तेवढीच जाते. फरक इतकाच की मॉलमधल्या मुलीला लोक दिसत तरी होते.

सातवा_मैल

वहिनी, हे मी असं बघितलंच नव्हतं. मग फोटो सोडूनच द्यावेत का? ताई ऐकायची नाही.

निपाणीची_सून

सोडू नका. कॅमेरा ठेवा, माणूस ठेवू नका. आणि ती हो म्हणो वा नाही, पाच मिनिटांत तिला दाखवा की बाई, तिथं कॅमेरा चालू आहे, कार्ड हे घे. काय ठेवायचं, काय पुसायचं ते तिनं ठरवायचं. तोवर ताईलासुद्धा एक फोटो जायचा नाही.

तिरपी_उन्हं

वहिनींचं पटतं, पण धोका सांगतो. तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) सोडलेला कॅमेरा मूर्ख असतो. तुम्ही दोन पावलं सरकलात तरी तो जागचा हलत नाही, आणि ऑटोफोकस मागच्या झाडावर गेला की संपलं. शंभर रुपयांत दहा रुपयांचं काम होईल.

निपाणीची_सून

दहा रुपयांचं पुरेल की! तिला मासिकाच्या मुखपृष्ठावर जायचंय का?

मलप्रभाकाठ

भांडा भांडा. तोवर जागेचं मी सांगतो.

नदीकाठी मळा बघू नको. जानेवारीत इकडं ऊसतोड जोरात असते, बांधाबांधावर टोळ्या, ट्रॅक्टरचा आवाज, चुलींचा धूर. लांबनं एकांत वाटतो, जवळ गेलास की पन्नास माणसं. त्यापेक्षा कणकुंबीच्या रस्त्याला, जांबोटीच्या पुढं, ओळखीतल्या एकाची जमीन आहे. भात कापून झालेलं खाचर, वर माळ, माळाला एकच मोठं झाड आणि पश्चिमेला डोंगराची रांग. घर खाली आहे, तिथनं वरचं काय दिसत न्हाई. खाजगी जागा, मालकाला विचारलं की झालं. दोघंच दिसले की हटकणारे रस्त्यावरचे शहाणेही तिथं वर येत न्हाईत. ताई-भावजी खाली मालकिणीसोबत चहा घेत बसूदेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. तिथं मोबाईलला रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. "मिस कॉल देतो, मग या" असलं काय ठरवू नको. आणि अंधार पडायच्या आत खाली ये. त्या पट्ट्यात अस्वल आहे, गवा आहे. भीती घालूलालो न्हाई, गावातली माणसंपण दिवेलागणीनंतर एकटी फिरत न्हाईत. वाटेत फॉरेस्टवाल्यानं थांबवलं तर हसून कन्नडमधे "ऐदु निमिष, सर" (पाच मिनिटं, सर) म्हण आणि मालकाचं नाव सांग. मराठीत तावातावानं बोलत बसू नको, तेवढ्यात ऊन जाईल.

तिरपी_उन्हं

माळ, एक झाड आणि पश्चिमेला डोंगर? मग माझा विरोध मागं. झाड असलं की खूण आपोआप मिळते : "झाडाच्या या मुळापाशी थांबायचं" एवढं पाठ असलं की पुरे.

माणूस नकोच असेल तर असं करा. ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, ऑटोफोकस बंद. आदल्या दिवशी भावजींना त्या मुळापाशी उभं करून ६ मीटरवरून हातानं फोकस लावा आणि लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी मारा. एवढ्यावर साधारण साडेतीन मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, आणि फ्रेम सहा मीटर रुंद मिळते. दोन पावलं सरकलात तरी आत राहाल. कॅमेऱ्यात ठराविक वेळानं आपोआप फोटो घ्यायची सोय असते, दोन सेकंदांवर लावा.

शेजारी मोबाईल, फोर-के व्हिडिओवर. त्यातली एक फ्रेम काढली तर साधारण ८ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो, पोस्टकार्डाच्या दुप्पट छापायला काही अडचण नाही. मिनिटाला १७० ते ४०० एमबी जागा खातो, तेवढी मोकळी ठेवा. विमान मोड लावा, नाहीतर नेमका आत्याचा फोन येईल. एक सावधगिरी : ऊन गेलं की व्हिडिओचं शटर संथ होतं आणि हलणारे हात फिस्कटतात. म्हणून सूर्य असतानाच विचारा.

हे सगळं उघड्यावर मांडलं तर ती विचारणारच, "हे काय?" तर खरंच सांगा की सूर्यास्त टिपायला लावलाय. खोटं काहीच नाही.

आणि शेवटचं. सूर्य गेल्यावर अंधार लगेच पडत नाही, आपल्याकडं वीस-बावीस मिनिटं मऊ उजेड राहतो. झालंच सगळं, आणि तिला वाटलं, तर खालून ताईला वर बोलवा आणि त्या उजेडात राजीखुशीनं चार फोटो काढा. चेहरे तेव्हाच खरे चांगले येतात. धंदेवाईक माणूस सांगतोय.

कुंदा_कमी_खा

अस्वलाला पण फ्रेममध्ये घ्या. सहा मीटर रुंद आहे म्हणे.

आप्पा_शहापूर

सातवा_मैल, एवढं सगळं झाल्यावर परत आलात की त्याच रात्री आईवडिलांना सांगा. दोन दिवस दडवून ठेवू नका. मुलांनी आपापसांत ठरवलं याचं वाईट वाटत नाही, शेजारणीकडून कळलं याचं वाटतं.

सातवा_मैल

ठरलं तर मग. कॅमेरा भावजींचा, जमीन मलप्रभाकाठांच्या ओळखीची, फोटोग्राफर कुणी नाही. इथं पुन्हा लिहीन ते संक्रांतीनंतर.

सातवा_मैल

मंडळी, झालं. हो म्हणाली.

घरी त्याच रात्री सांगितलं, आप्पा. आईनं आधी अंगठी हातात घेऊन वजन केलं, मग डोळे पुसले. माप बरोबर बसलं.

आता तुम्हाला हवं ते. ती झाडाच्या मुळापाशी थांबलीच नाही, बुंध्याला वळसा घालून पलीकडं गेली, कारण तिथून डोंगर जास्त दिसत होता. मी कॅमेऱ्याकडं बघत तिला मागं बोलावणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिथंच विचारलं. कॅमेऱ्याच्या बहुतेक फोटोंत माझी पाठ आणि तिचा अर्धा चेहरा. मोबाईल जरा बाजूला लावला होता, त्यात मात्र दोघंही आहेत. आवाजात वारा आणि खाली कुणाचातरी ट्रॅक्टर, आमचं बोलणं अजिबात ऐकू येत नाही. तिला हेच सगळ्यात आवडलं.

तिच्या हातात फोन दिला तेव्हा आधी ती गप्प झाली. मग विचारलं, "अजून कुणी बघितलंय?" कुणीच नाही म्हटल्यावर माळावरच बसून पूर्ण बघितला, एक भाग कापून टाकला आणि तीन फ्रेम ठेवल्या. त्यातली एक छापून आजीच्या घरी जाणार आहे. ताई वर आली ती उजेड संपत आल्यावर, तरी तिनं काढलेले दोन फोटो चांगले आहेत, तिरपी_उन्हं म्हणतात तसे. इथं फोटो टाकणार नाही, रागावू नका.

निपाणीची_सून

अभिनंदन दोघांचं! कापलेला भाग कुठला ते विचारू नका तिला कधी.

मलप्रभाकाठ

मालकीण विचारूलाली होती, "एवढा वेळ सूर्यास्त बघत बसले होते काय?" मी हो म्हटलं. लग्नात त्यांना पत्रिका द्यायची, विसरू नको गा.

तिरपी_उन्हं

व्हिडिओतून काढलेली फ्रेम छापताना कडा जास्त धारदार करू नका, त्वचा खरखरीत दिसते. छापणाऱ्याला आधी लहान नमुना काढून दाखवायला सांगा. आणि मूळ व्हिडिओ दोन ठिकाणी ठेवा, फोनवर विसंबू नका.

घाटावरचा_गडी

धागा उशिरा वाचला. मला हेच सगळं ऑगस्टमध्ये करायचंय, आंबोलीकडं. तिकाटणं आणि कॅमेरा पावसात कसा ठेवायचा?

तिरपी_उन्हं

ऑगस्टात आंबोलीला कॅमेरा ठेवायचा नाही, गाडीच्या काचेआडून जे दिसेल ते. शनिवार-रविवार तर कावळेसादला उभं राहायला जागा नसते. मधल्या वारी जा, सकाळी लवकर, लेन्सला हूड लावा आणि कोरडी कापडं सोबत घ्या. थंड गाडीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हा पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा. आणि धुकं आलं तर फोटोचं विसरा, विचारून टाका.